बाईच्या काळजाचं माप

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला समुद्र आणि जंजिरा आठवतो. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला समुद्र नाही. इथल्या माणसाला कर्करोगाचं निदान झालं की समोर दोनच दिशा उरतात. पूर्वेला लातूर, नाहीतर पश्चिमेला ढोकी, येडशी ओलांडून बार्शी. तिथंही इलाज थकला तर रात्रीची रेल्वे आणि परळचं टाटा हॉस्पिटल. 'टाटाला नेलंय' एवढंच कुणी म्हणालं, तरी ऐकणारा पुढचं काही विचारत नाही.

बार्शीचं नाव मात्र जगभरातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ओळखीचं आहे. १९८७ साली इथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात टाटा मेमोरियलच्या मदतीनं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. गावोगाव फिरायचं, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय ते विचारायचं आणि वहीत टिपायचं, असं ते काम. पुढं डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांना सामावून घेणारा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला आणि पुढं अनेक देशांच्या धोरणात शिरला. परंडा-भूम-कळंबच्या पट्ट्यातल्या बायकांनी जगाला मोजून दिलेली ही गोष्ट आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढचा सगळा विषय मोजण्याचाच आहे. या वेळी मोजायचं आहे ते हृदय, तेही कर्करोगाच्या एका नव्या उपचारानंतरचं.

४ जून २०२१ रोजी नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात, एका रुग्णाला त्याच्याच रक्तातल्या पेशी बदलून परत दिल्या गेल्या. भारतातली ही पहिली कार-टी उपचारपद्धती. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटाचे डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्यासारखे डॉक्टर त्यामागं होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार-१९' या नावानं तिला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. अमेरिकेत जो उपचार तीन-चार कोटींना पडतो, तो इथं तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. मुरुडच्या शेतकऱ्याला यातला कुठलाच आकडा परवडणारा नाही, हे खरंच. तरी एक आकडा ऐकून तो नुसता हात जोडतो आणि दुसरा ऐकून शेत विकायचा विचार करतो, इतका फरक दोन्हींत आहे.

हा उपचार चालतो कसा? ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर राखणदार बसतो. आपल्या रक्तातल्या टी-पेशी अशाच राखणदार. रक्ताच्या काही कर्करोगांत मात्र बिघडलेल्या पेशी घरच्याच बी-पेशी असतात, त्यामुळं राखणदाराला त्या परक्या वाटत नाहीत. मग रुग्णाच्या टी-पेशी यंत्रानं वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. त्यामुळं बी-पेशीच्या अंगावरची सीडी-१९ नावाची खूण त्यांना ओळखू येऊ लागते. दरम्यान रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं देऊन नव्या पेशींसाठी जागा करतात. शेवटी एक छोटी पिशवी सलाईनसारखी चढवली जाते. इतकी खटपट, आणि प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा.

खरी परीक्षा त्यानंतर असते. राखणदार नुसतं पाखरू हाकत नाही, आरोळीही ठोकतो. टी-पेशींच्या आरोळ्या म्हणजे सायटोकाइन नावाची रसायनं. लाखो राखणदार एकदम ओरडायला लागले की शरीरभर वादळ उठतं. ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी अशा वादळात मरणाच्या दारात होती. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे रसायन बेसुमार वाढलेलं दिसलं. उपचाराचे जनक कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता, म्हणून हे रसायन अडवणारं टोसिलिझुमॅब नावाचं संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत मुलगी सावरली. संधिवाताचाच एक प्रकार असलेला आमवात बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिपटीनं होतो. प्रामुख्यानं बायकांच्या दुखण्यासाठी घडलेलं औषध असं कर्करोगाच्या वॉर्डात आलं आणि आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक केंद्रात ते आधीच आणून ठेवावं लागतं.

या वादळाचा मार हृदयावर दोन बाजूंनी पडतो. दाब घसरला की ते जीव खाऊन धावू लागतं, आणि त्याच वेळी ती रसायनं त्याच्या स्नायूची ताकद कमी करतात. बैलाला चढावर हाणायचं आणि चारा तोडायचा, तसलाच प्रकार. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१९ साली कार-टी घेतलेल्या १३७ प्रौढांचा हिशेब मांडला. १७ जणांना हृदयाचा गंभीर त्रास झाला. सहा जण हृदयविकारानं गेले, सहा जणांचं हृदय निकामी होऊ लागलं, पाच जणांचे ठोके बिघडले. ज्यांचं ट्रोपोनिन तपासलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, अशा ५३ पैकी २९ जणांमध्ये ते वाढलेलं होतं. वादळ सुरू झाल्यापासून टोसिलिझुमॅब द्यायला जितका उशीर, तितका धोका जास्त. दर बारा तासांच्या उशिराला तो सुमारे १.७ पट होत गेला.

त्या १३७ जणांत साधारण दोन तृतीयांश पुरुष होते. सरासरीचं माप त्यांच्याकडं झुकणार हे उघड आहे.

ही काही नवी खोड नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. पोटातल्या बाळाला धोका नको, हा हेतू चांगलाच होता. ती बंदी उठायला १९९३ उजाडलं. तोवर मात्रा, दुष्परिणाम, 'नॉर्मल'ची रेघ यांतलं बरंचसं सत्तर किलोच्या पुरुषावर ठरून गेलं होतं. न मोजलेली गोष्ट दिसत नाही याचा सर्वांत भयंकर दाखला पेशी-उपचारांतच सापडतो. एमएजीई-ए-३ या प्रथिनावर नेम धरून बदललेल्या टी-पेशी दोन रुग्णांना दिल्या गेल्या; दोघंही चार-पाच दिवसांत हृदय बंद पडून दगावले. २०१३ साली त्याचं कारण प्रसिद्ध झालं. त्या पेशी हृदयस्नायूतल्या टायटिन या प्रथिनालाच शत्रू समजल्या होत्या. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत हे कळलं नव्हतं. धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवून त्यांच्यावर प्रयोग केला, तेव्हा कळलं. आजच्या सीडी-१९ उपचारात असा थेट घाव बसत नाही, कारण हृदयाच्या पेशींवर ती खूण नसते. तरी धडा तोच.

आता मूळ प्रश्न. कार-टीनंतर हृदयाचा धोका बाईला जास्त की पुरुषाला? प्रश्न असा विचारला की उत्तराची गाडी चुकीच्या रुळावर जाते. दोघांचं हृदय या उपचारापर्यंत वेगवेगळ्या वाटेनं पोचलेलं असतं, आणि अडखळतंही वेगवेगळ्या ठिकाणी. पुरुषाची वाट ओळखीची आहे. तंबाखू, बिडी, रक्तदाब, चाळिशी-पन्नाशीत तुंबलेल्या रक्तवाहिन्या. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा आलेला दिसला. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत ताप आणि घसरलेला दाब एकत्र आला तर काय होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बाईची वाट मात्र नकाशात नीट काढलेलीच नाही.

पहिली गोष्ट प्रतिकारशक्तीची. बाईची प्रतिकारशक्ती मुळात अधिक तिखट असते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या रोगांचे दर पाच रुग्णांपैकी चार बायका असतात. फ्लूच्या लशीच्या एका अभ्यासात अर्ध्या मात्रेनं बायकांमध्ये जितकी प्रतिपिंडं तयार झाली, तितकी पुरुषांत व्हायला जवळपास पूर्ण मात्रा लागली. ज्या उपचाराचं सगळं बळ आणि सगळा धोका प्रतिकारशक्तीच्या जोरावर आहे, तिथं या फरकाकडं डोळेझाक कशी करायची?

दुसरी गोष्ट आधीच्या औषधांची. कार-टीपर्यंत येणारा रुग्ण कोरा नसतो; बहुतेकांनी डॉक्सोरुबिसिन घेतलेलं असतं. हे लालभडक औषध कर्करोगाला मारतं आणि हृदयाच्या स्नायूतही आपली खूण ठेवून जातं. लहानपणी ते घेतलेल्यांचा अभ्यास स्टीव्हन लिपशुल्ट्झ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. त्यात मुलगी असणं हाच हृदयाच्या उशिरा दिसणाऱ्या हानीचा एक स्वतंत्र धोका ठरला. मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, औषध चरबीत फारसं मुरत नाही, मग उरलेलं हृदयाच्या वाट्याला अधिक येतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. किंवा लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगासाठी दिलं जाणारं रिटुक्सिमॅब घ्या. वयस्क पुरुषांच्या शरीरातून ते बायकांपेक्षा लवकर निघून जातं. कागदावर मात्रा एकच, शरीरात मुक्काम वेगळा.

तिसरी गोष्ट ठोक्यांची. ईसीजीवर क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा तो वेळ. बाईमध्ये तो मुळातच थोडा लांब असतो, आणि औषधांनी आणखी लांबला तर ठोके जीवघेणे भरकटू शकतात. औषधांमुळं असं होणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून अधिक बायका असतात. कार-टीच्या रुग्णाला उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, जंतुसंसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिन अशी औषधं एकापाठोपाठ एक मिळतात. तिन्ही क्यूटी लांबवणारी. त्यातच जुलाब होऊन पोटॅशियम उतरलं, की बाईच्या ईसीजीकडं दिवसातून दोनदा पाहणं ही चैन राहत नाही.

ताकोत्सुबो या जपानी नावाचा आजारही इथंच येतो. जबर धक्क्यानं किंवा आजारपणाच्या ताणानं हृदयाचं टोक फुगतं. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. त्याचे दहातले नऊ रुग्ण बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. लक्षणं झटक्यासारखी, रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या. 'मोकळ्या आहेत, काही नाही' म्हणून सोडलेल्या बायका किती असतील, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

पाळी गेलेल्या, हा शब्द मराठवाड्यात जपून वापरावा लागतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. 'पिशवी काढली' असं त्या साधेपणानं सांगतात. पुष्कळजणी तिशी-पस्तिशीतल्या. 'पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेलं असेल तर इस्ट्रोजेनचं छत्र त्याच दिवशी उडतं आणि हृदयरोगाचा धोका वयाआधी सुरू होतो. म्हणजे केज-धारूरकडची चाळिशीची बाई उद्या लिम्फोमासाठी मुंबईला आली, तर तिचं वय पाहून 'अजून पाळी असेल, हृदय ठीक असेल' असं गृहीत धरणारा डॉक्टर फसणार. फॉर्मवर वय असतं. पिशवीचा प्रश्न कुणीतरी तोंडानं विचारावा लागतो. सोबत नवरा, दीर, सासरा बसलेले असतील तर तो आणखी जपून विचारावा लागतो.

त्यात अंगात रक्त कमी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. रक्त पातळ असलं की हृदय आधीच जोरात पळत असतं. कार-टीनं रक्तपेशी आणखी उतरतात. नेक्सकारच्या चाचण्यांमध्ये सर्वांत ठळक त्रास हाच दिसला. ६४ रुग्णांच्या त्या चाचण्यांचा अहवाल मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आला. पडताळणी करता आलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला आणि गंभीर वादळ थोड्यांनाच झालं. दुसरा कुठलाच इलाज न उरलेल्या माणसांसाठी ही मोठी गोष्ट आहे. हृदयाच्या धास्तीनं कुणी उपचारच नाकारावा असं त्यात काही नाही. वादळात बिघडलेलं हृदय वेळेवर हाताळलं तर बऱ्याचदा सावरतं.

वेळेवर हाताळायचं तर वेळेवर कळायला हवं, आणि इथं पुन्हा माप आडवं येतं. ट्रोपोनिनच्या एका प्रचलित तपासणीत पुरुषाची मर्यादा ३४ आहे, बाईची १६. बाईचं हृदय आकारानं लहान, स्नायू कमी, म्हणून रेघ खाली. एकच सामाईक रेघ धरली तर वीसवर आलेली बाई 'नॉर्मल' म्हणून परत जाते. एडिनबर्गच्या डॉक्टरांनी छातीत दुखतं म्हणून आलेल्यांवर ही वेगळी मापं लावून पाहिली. हृदयविकाराचा झटका ठरलेल्या बायकांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं १९ वरून २१. दुपटीनं झटके वाढले नव्हते. आधी निम्मे दिसतच नव्हते.

लक्षणं सांगण्यातही फरक पडतो. 'छातीत कळ आली' हे पुरुष लवकर म्हणतो. बाई पुष्कळदा म्हणते, जीव घाबराघुबरा होतोय, दम भरतोय, अंग गळून गेलंय, गॅस झालाय वाटतं. कार-टीच्या पहिल्या पंधरवड्यात ही सगळी वाक्यं तापाच्या खात्यावर सहज जमा होतात. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कार-टीपूर्वी प्रत्येकाचा ईसीजी, ट्रोपोनिन आणि हृदयावर ताण आला की वाढणारं नॅट्रियुरेटिक पेप्टाइड तपासायला सांगितलंय ते याचसाठी. नंतर गोंधळ उडाला तर तुलनेला आधीचा आकडा हाताशी हवा.

अर्थात बाई तिथवर पोचली तर. बालकर्करोगाच्या उपचाराला किती मुलगे आणि किती मुली येतात याचा अभ्यास देशातल्या तीन मोठ्या कर्करोग केंद्रांच्या नोंदींवरून झाला आणि २०२३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. रक्ताचे काही कर्करोग मुलग्यांत निसर्गतःच थोडे जास्त असतात. तेवढ्यानं मात्र रुग्णालयांत मुली इतक्या कमी का येतात, याचा उलगडा होत नाही. आणि जितकं लांबून यायचं, जितका उपचार खर्चिक, बोन मॅरो प्रत्यारोपणासारखा, तितकी मुलींची संख्या आणखी घटत जाते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं. तीस लाखांच्या उपचारासमोर उरलेला खड्डा भरताना शेताचा तुकडा कुणासाठी विकायचा, हा निर्णय घराच्या ओसरीवर होतो, आणि तिथं ट्रोपोनिनची कुठलीच रेघ चालत नाही.

त्यातूनही ती मुंबईला येते. उपचारानंतर काही आठवडे रुग्णालयाच्या जवळपासच राहावं लागतं. अमेरिकेत ही अट चार आठवड्यांची होती, जून २०२५ मध्ये दोनवर आली. मुरुडकराला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. सोबत भाऊ नाहीतर मुलगा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली फाइल. त्यात लातूरला केव्हातरी काढलेला एको असतो. हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त पुढं ढकलतं, तो आकडा त्यावर छापलेला. समजा ५३. अमेरिकी आणि युरोपीय एकोतज्ज्ञांनी २०१५ साली ठरवलेली खालची मर्यादा पुरुषासाठी ५२ आहे आणि बाईसाठी ५४. अहवालाच्या तळाशी 'नॉर्मल' असा शिक्का आहे, वर नावापुढं वय आणि 'एफ' असं एकच अक्षर.